दिठीवाल्या काकू

अमेरिकेत माझी पहिली चूक मराठीतली निघाली. इंग्रजीतल्या चुकांची तयारी मी नागपूरहून करूनच निघालो होतो. पिस्कॅटवेच्या विद्यापीठात येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. दोन हजार दोनचा ऑगस्ट. लायब्ररीच्या काउंटरवर पुस्तक घेऊन रांगेत उभा होतो आणि रांगेत माणूस गुणगुणतो तसा गुणगुणत होतो, ‘दारातल्या दिव्याला मिठीची तुझ्या ओढ’. काउंटरमागे करड्या स्वेटरमधल्या, साठीला टेकलेल्या एक बाई पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. शिक्का मारता मारता म्हणाल्या, "दिठीची."

मी म्हणालो, "एक्स्क्यूज मी?"

"दिठीची तुझ्या ओढ. दिठी म्हणजे नजर. दिव्याला मिठी मारायला गेलास तर भाजशील." आणि पुस्तक माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "ड्यू इन थ्री वीक्स."

या शालिनीकाकू. आडनाव सांगून उपयोग नाही, कारण आम्हा विद्यार्थ्यांत त्यांना सगळे ‘दिठीवाल्या काकू’ म्हणूनच ओळखत. दर वर्षी नव्या आलेल्या मुलांपैकी कुणी ना कुणी ते गाणं त्यांच्यासमोर म्हणे आणि दर वर्षी एकाची तरी अशीच दीक्षा होई. गाणं म्हणणारच, कारण त्या काळात मराठी लग्न, हळदीकुंकू, बारसं, काहीही त्या गाण्याशिवाय पार पडत नसे. मोठ्या गायिकेनं म्हटलेलं. त्यांचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्यांच्याबद्दल बोलायला लागाल आणि काकू पुन्हा मागे राहतील. काकूही नाव घेत नसत. ‘त्या बाई’ म्हणत.

काकूंशी माझी ओळख वाढली ती खिरीमुळे. एका रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. काकूंचं घर विद्यापीठापासून दहा मिनिटांवर, पुढे मेपलचं झाड, मागे काकांचे टोमॅटो. अरविंदकाका केमिकल इंजिनिअर, नुकतेच रिटायर झालेले, कमी बोलणारे. मी शेवयांच्या खिरीची दुसरी वाटी घेत म्हणालो, "काकू, अशी खीर मी कुठेच खाल्ली नाही."

"माझी नाही ती," काकू म्हणाल्या. "सासूबाईंची. म्हणजे त्यांचीही नाही. त्यांच्या शेजारी गोखलेबाई होत्या, त्या जायफळ शेवटी घालायच्या. सासूबाईंनी ते घेतलं आणि जन्मभर स्वतःचं म्हणून सांगितलं. गोखलेबाई बिचाऱ्या तशाच गेल्या."

जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल काकूंचा पहिला प्रश्न एकच, "मूळ कुणाचं?" तुम्ही विनोद सांगितलात, तरी त्या आधी हसत आणि मग विचारत. कुणाच्या साडीचं कौतुक झालं, की ती कुणी निवडली हे त्या निवडणारीच्या नावासकट सांगत. गाडीत रेडिओवर इंग्रजी गाणं लागलं तर म्हणत, "हे ह्या पोराचं नव्हे बरं का. आधी इथल्याच दक्षिणेतल्या एका बाईंनी म्हटलं होतं. त्यांचं कुणी ऐकलंच नाही. डोरिसला माहितीये." डोरिस ही त्यांच्याच काउंटरवरची बाई. जुन्या गाण्यांची वेडी. दुसऱ्याचं गाणं पुन्हा म्हणण्याला इंग्रजीत कव्हर म्हणतात हे काकूंना तिनंच शिकवलं होतं. काकूंना मात्र कव्हर म्हटलं की जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालतात ते खाकी कव्हरच दिसे.

"कव्हर घालायला माझी ना नाही," त्या म्हणत. "पण वर लेबल चिकटवून नाव लिहायचं असतं ना? आत पुस्तक कुणाचं ते?"

हे सगळं ऐकायला मजेचं होतं, पण आठवड्यातून दोनदा ऐकलं की मजा पातळ होते. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका त्यांना टाळत. एकीनं मला सरळ सांगितलं, "अरे, त्यांच्यासमोर साधी आमटी वाढायची सोय नाही. आमटीचं खानदान काढतात." मीही हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते, पण तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि आमटी खाणाऱ्यांच्या बाजूचा होतो.

पुढच्या वर्षीच्या गणपतीला मंडळाच्या कार्यक्रमात काकूंनी गायला नाव दिलं. कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात. सेक्रेटरी होता दीपक. पुण्याचा, मॅनहॅटनमध्ये डेटाबेस सांभाळायचा आणि शनिवार-रविवारी आम्हाला. त्यानं कराओकेचं मशीन नवीन घेतलं होतं आणि ते वापरल्याशिवाय कुणाला स्टेजवरून उतरू देत नव्हता. माईक हातात घेऊन तो म्हणाला, "अँड नाऊ, आपल्या शालिनीकाकू! काकू आज एक कव्हर सादर करणार आहेत. ओरिजिनल अर्थातच आपल्या सगळ्यांच्या लाडक्या..." आणि त्या बाईंचं नाव घेतलं. टाळ्या नावाला पडल्या.

काकूंचा चेहरा मला पुढच्या रांगेतून दिसत होता. कव्हर हा शब्द ऐकल्यावर त्यांनी पदर सारखा केला, बस्स. ट्रॅक सुरू झाला. तो लग्नाच्या वरातीच्या वेगाचा. काकूंची चाल निराळीच होती. संथ, एकेका शब्दाला जागा देणारी. काकू दिठीवर पोचल्या तेव्हा ट्रॅक कडवं संपवून पुढे निघून गेला होता. "दिठीची तुझ्या..." त्यांनी म्हटलं मात्र, चार-पाच टेबलांवरून प्रेमळ आवाज आले, "मिठी, काकू, मिठी!" एका जोडप्यानं उठून नाच सुरू केला. काकूंनी गाणं पूर्ण केलं, ट्रॅक संपल्यावर अर्धा मिनिट अधिक, एकट्यांनी.

खाली उतरल्यावर दीपक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नो प्रॉब्लेम काकू, होतं असं. नेक्स्ट टाइम मी लिरिक्स प्रिंट करून देतो ना. मोठ्या फाँटमध्ये."

त्या दिवशी त्यांच्या घरी भांडी पुसता पुसता काकांनी मला जे सांगितलं, ते ऐकून माझ्या हातातली पातेली तशीच राहिली. काकू वर कपडे बदलत होत्या. काका हळूच म्हणाले, "अरे, ते गाणं मूळ हिचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हिनंच पहिल्यांदा म्हटलं. एकोणीस वर्षांची होती. रेकॉर्ड निघाली होती. सांगत नाही कुणाला."

काकू जिन्यावरून उतरत होत्या. त्यांनी ऐकलं. "सांगायचं काय? मी, मी म्हणून? मूळ कुणाचं हे दुसऱ्यानं विचारायचं असतं," त्या म्हणाल्या. मग मला कळलं की ही बाई वीस-पंचवीस वर्षं खीर, साडी, विनोद, आमटी अशा सगळ्यांच्या मुळांची चौकशी का करत आली. कुणीतरी उलट विचारावं म्हणून. आणि कुणी विचारलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि थोडं आमच्या सगळ्यांबद्दल.

गोष्ट अशी होती. काकूंना गाणं शिकवणारे मास्तर होते. शाळेत ड्रॉइंग शिकवत आणि घरी गाणं. कविता स्वतः करत, चाली स्वतः लावत. हे गाणं त्यांचं. दार, दिवा, दिठी असे तीन द त्यांनी एका ओळीत बसवले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. एका छोट्या कंपनीनं रेकॉर्ड काढायचं कबूल केलं. गायला त्यांनी मोठी गायिका न घेता आपली विद्यार्थिनी घेतली. रेकॉर्डिंग एकाच दमात झालं. पुन्हा म्हणायची चैन त्या कंपनीला परवडणारी नव्हती. मास्तर काचेपलीकडून बाहेर आले, टोपी घातली, "बरं झालं," म्हणाले आणि निघून गेले. त्यानंतर त्यांनी काकूंना गायला बोलावलं नाही. वर्षभरात ते वारलेच. पुढे ती रेकॉर्ड कुठूनशी ऐकून त्या बाईंनी गाणं पुन्हा म्हटलं, जलद चालीत, वाद्यांचा ताफा घेऊन, आणि दिठीची मिठी झाली. गाणं घराघरांत गेलं. छोटी कंपनी बंद पडली आणि तिच्याबरोबर काकूंची रेकॉर्डही नाहीशी झाली. काकूंच्या घरी तेव्हा फोनो नव्हता, त्यामुळे त्यांनी स्वतः ती कधी ऐकलीच नव्हती.

"मला नाव नको रे," काकू म्हणाल्या. "त्या माझ्यापेक्षा चांगलंच गायल्या. पण मास्तरांचा शब्द त्यांनी बिघडवला, आणि मास्तर नाहीत सांगायला. एकदा, एकदाच, चार मराठी माणसांनी ते गाणं मास्तरांनी लिहिलं तसं ऐकावं. मग मी कायमची गप्प बसेन."

काका कपाटात ताटं लावत होते. कायमची गप्प, हे ऐकून ते क्षणभर थांबल्यासारखे मला वाटले. काकांची एक खोड मला माहीत होती. दाढी करताना ते हेच गाणं गुणगुणत आणि मिठीच म्हणत. चाळीस वर्षं काकू बाथरूमच्या बाहेरून ओरडत, "दिठी!" आत नळ सोडल्याचा आवाज येई.

रेकॉर्ड शोधायला तीन वर्षं गेली. मधल्या काळात माझी डिग्री झाली, जर्सी सिटीत नोकरी लागली, आणि शनिवारी ट्रेन पकडून मी पिस्कॅटवेला खिरीसाठी येत राहिलो. शेवटी काकूंच्या भाचीला पुण्याच्या जुन्या बाजारात एका माणसाकडे ती तबकडी सापडली. कड उडालेली, ओरखडे पडलेली, पण लेबलावर नाव स्पष्ट: कु. शालिनी. भाचीनं ती साड्यांच्या घड्यांत गुंडाळून कुणाबरोबर तरी पाठवली. काकूंनी ती हातात घेतली आणि बराच वेळ नुसतं लेबल वाचत राहिल्या. दोनच शब्द होते, पण त्यांचं वाचन संपेना.

लायब्ररीत जुन्या तबकड्या वाजवायचं यंत्र होतं. डोरिसनं ते उघडून दिलं. पण वाजवल्यावर तळणीच्या आवाजाखेरीज काही कळेना. कढईत पुऱ्या सोडल्यासारखा आवाज, आणि त्यामागे कुठेतरी एक मुलगी गातेय. काकू कान लावून म्हणाल्या, "ऐका! दिठी!" डोरिसनं मान हलवली. तिला मराठी येत नव्हतं.

आता माझी पाळी होती. माझा डिग्रीचा विषयच मुळी खरखर काढण्याचा. आवाजातून नको ते वेगळं करून हवं ते ठेवायचं. दोन वर्षं मी ते कृत्रिम आवाजांवर केलं होतं. जगाला त्याचा उपयोग झाल्याचं ऐकिवात नव्हतं. मी रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उतरवून घेतलं. येत्या दिवाळीच्या कार्यक्रमात ते वाजवायचं आणि मग काकूंनी गायचं, असं ठरलं. मी दीपकला खरं काय ते सांगितलं. तो उडालाच. "व्हॉट! ओरिजिनल सिंगर आपल्या मंडळात? यार, आधी सांगायचं ना! वेबसाइटवर टाकू!"

एका आठवड्यात पुऱ्या तळणं थांबलं. आवाज वर आला. कोवळा, घाबरलेला, पण सुरात पक्का. ‘दारातल्या दिव्याला’ आणि मग तो शब्द. मी मागे नेऊन पुन्हा ऐकला. अकरा वेळा ऐकला. सगळे फिल्टर बदलून पाहिले, काढून पाहिले.

ती मुलगी ‘मिठीची’ म्हणत होती.

पुढचा आठवडा मी काकूंचे फोन चुकवले. संशोधकानं निष्कर्ष लपवू नये असं आमच्या प्रोफेसरांचं मत होतं, पण त्यांना काकूंच्या घरची खीर मिळत नव्हती. शेवटी मी दोन सीड्या केल्या. एक स्वच्छ, एक खरखरीसकट. खरखरीसकटच्यात ज्याला जे हवं ते ऐकू आलं असतं. दोन्ही घेऊन शनिवारी दुपारी गेलो. काकूंनी टेबलावर मांडल्या.

"दोन का?"

"एक खरखरीसकट आहे, काकू. तीच वाजवू या का? जुनं जुनं वाटतं."

"दुसरीत काय आहे?"

मी खरखरीची सीडी थोडी त्यांच्याकडे सरकवली. काकू माणसांच्या बाबतीत फार हुशार होत्या. त्यांनी माझ्याकडे बघतच स्वच्छ सीडी प्लेअरमध्ये घातली. गाणं सुरू झालं. शब्द आला आणि गेला. काकूंनी बटण दाबून मागे नेलं. शब्द पुन्हा आला. तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणून टोपी घातली त्यांनी," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं माझा आवाज पडला. नाहीतर त्यांच्या मनात दुसरी गायिका होती. चाळीस वर्षं मी त्यांना मनातल्या मनात बोल लावले. आणि ते मला वाईट वाटू नये म्हणून काही बोलले नाहीत." त्या रडत होत्या आणि लपवत नव्हत्या. "सांगायचं ना, मास्तर. मी फुकट पुन्हा म्हटलं असतं."

"पण काकू, असं कसं झालं? शब्द तर तुम्हाला पाठ होता."

काकूंची नजर टोमॅटो धूत उभ्या असलेल्या काकांकडे गेली, आणि चौसष्ट वर्षांच्या त्या बाईंचे कान लाल झालेले मी पाहिले. "त्याच आठवड्यात हे बघायला आले होते," त्या म्हणाल्या. "पसंती कळवून गेले होते. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. माझ्या रेकॉर्डवर दिसलं."

काकांनी नळ बंद केला. "मी ती रेकॉर्ड साखरपुड्यानंतर मित्राकडे सात वेळा ऐकली होती," ते म्हणाले. "मला मिठीच ऐकू आलं होतं. म्हणून तेच म्हणत आलो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू दिठी म्हणालीस, म्हटलं असेल दिठी. मला ह्याच घरात राहायचं होतं."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि एकाएकी हसायला लागल्या. इतक्या, की शेवटी पदर तोंडाला लावावा लागला. "म्हणजे बघा की! त्या बाईंनी चूकसुद्धा माझीच घेतली. सगळा महाराष्ट्र ज्या शब्दासाठी ते गाणं म्हणतो, तो शब्द माझा! मूळ माझं!" मग हसू ओसरलं. त्या म्हणाल्या, "आणि मी त्या माउलीला किती नावं ठेवली. तिनं बिचारीनं ऐकलं तसं म्हटलं."

दिवाळीच्या कार्यक्रमात सीडी वाजवायला त्यांनी नकार दिला. "माझी चूक मी माझ्या तोंडानं सांगेन. पुरावा कशाला?" दीपक हिरमुसला, पण ट्रॅकशिवाय, पेटी-तबल्यावर गाण्याची परवानगी त्यानं दिली. मला कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला नोकरी मिळाली होती, दोनच आठवड्यांत निघायचं होतं. त्यामुळे माझ्याजवळ काकूंचं शेवटचं दर्शन आहे ते हेच.

तीनशे माणसं होती. काकू माईकसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी भाषण लिहून आणलं नव्हतं, पण पाठ केलं होतं, हे मला कळत होतं. "हे गाणं पहिल्यांदा मी गायले," त्यांनी सुरुवात केली. "मास्तरांनी दिठी लिहिलं होतं. मी मिठी म्हणाले. चूक कुणा दुसऱ्याची नाही. त्या चुकीचा दोष मी आजवर दुसऱ्यांना दिला. आज मी ते मास्तरांच्या शब्दांत..."

नेमक्या त्याच वेळी मागच्या दारातून बटाटेवड्यांचे ट्रे आत आले. मुलं धावली. मुलांमागे आया धावल्या. दीपकनं दुसऱ्या माईकवरून, अगदी दिलगिरीनं, कुणाच्या तरी चंदेरी गाडीचे लाइट चालू राहिल्याचं सांगितलं. काकूंचं उरलेलं भाषण बहुधा पेटीवाल्यानं ऐकलं, आणि मी. पहिल्या रांगेत काका होते, पण त्यांना माहीतच होतं.

मग पेटीचे सूर लागले आणि गाणं ओळखीचं निघाल्याबरोबर सगळा हॉल वडे हातात घेऊन वळला. संथ चाल त्यांना आता चालली. लोक टाळ्या देऊ लागले. शब्द जवळ आला तशी तीनशे माणसांनी आनंदानं एका आवाजात म्हटलं, ‘मिठीची तुझ्या ओढ’. काकूंचा आवाज त्यातून माझ्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. मिठी म्हणताना ओठ मिटावे लागतात. काकूंचे मिटले नाहीत. पुढच्या कडव्यालाही मिटले नाहीत, शेवटीही नाहीत.

गाणं संपल्यावर त्या वड्यांच्या रांगेत आल्या. मी त्यांच्या मागे दोन माणसं सोडून होतो. एक तरुण मुलगी, नवीनच लग्न होऊन आलेली असावी, त्यांच्या पाठोपाठ उभी होती. ती म्हणाली, "काकू, काय सुंदर म्हटलंत! अगदी ओरिजिनलसारखं. मी अगदी पुढे बसले होते म्हणून ऐकू आलं, फक्त तो एक शब्द तेवढा चुकला."

हीच ती दीक्षेची वेळ होती.

काकूंनी हातातली प्लेट तिच्या पुढे केली आणि आपल्याआधी तिला वडा घेऊ दिला.

"हो गं," त्या म्हणाल्या. "माझाच चुकला."